पाकिटावरचा परदेशी शिक्का

बेंगळूरुच्या शेषाद्री रस्त्यावर ‘फ्रीडम पार्क’ नावाचे एक उद्यान आहे. उद्यान म्हणून ते २००८ साली खुले झाले. त्याआधी शतकाहून अधिक काळ त्या जागी शहराचे मध्यवर्ती कारागृह होते. काही बराकी, टेहळणीचा मनोरा आणि उंच भिंतींचा काही भाग आठवण म्हणून राखलेला आहे. शहरात कोणाला धरणे धरायचे असेल, निदर्शने करायची असतील, तर ती आता याच आवारात करावीत, असा २०२१ पासूनचा नियम आहे. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला या व्यवस्थेतील सोय लगेच कळते. रहदारी खोळंबत नाही, बंदोबस्त विखुरत नाही. पण नोकरीत शिरण्यापूर्वी मी इतिहासाचा विद्यार्थी होतो आणि तो विद्यार्थी येथे जरा अडखळतो. ज्या भिंतींच्या आत एकेकाळी विरोधकांना ठेवले जाई, त्याच भिंतींच्या आत आता विरोध ठेवला जातो.

२६ जून १९७५ रोजी या तुरुंगाच्या वाट्याला चार खासदार आले. पक्षांतरबंदी विधेयकावरील संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते बेंगळूरुत उतरले होते: अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधू दंडवते. मराठी वाचकांना दंडवते यांची ओळख करून देण्याची गरज नाही. राजापूरचे हे समाजवादी खासदार आणीबाणीचा बहुतेक काळ बेंगळूरुच्या तुरुंगात होते. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. रात्रीच्या शांततेत स्त्रियांच्या कोठडीकडून येणाऱ्या किंकाळ्या आपल्याला ऐकू येत, असे दंडवते यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या किंकाळ्या स्नेहलता रेड्डी यांच्या होत्या.

स्नेहलता या अभिनेत्री. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कादंबरीवर त्यांचे पती पट्टाभिराम रेड्डी यांनी काढलेला ‘संस्कार’ हा १९७० चा कन्नड चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. त्यात चंद्रीची भूमिका स्नेहलता यांची होती. २ मे १९७६ रोजी त्यांना अटक झाली. त्यांचा खरा अपराध म्हणजे जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी असलेली मैत्री. ज्या बडोदा डायनामाइट कटाच्या संदर्भात त्यांना धरले, त्याच्या अंतिम आरोपपत्रात त्यांचे नावसुद्धा आले नाही. त्यांना जुनाट दमा होता. आठ महिन्यांच्या कैदेत तो बळावत गेला. १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर घरी सोडण्यात आले आणि २० जानेवारीला त्या गेल्या.

त्यांच्या अटकेच्या आदल्या दिवशी, म्हणजे कामगार दिनी, पोलिसांनी बेंगळूरुतील राहत्या घरातून जॉर्ज यांचे धाकटे बंधू लॉरेन्स यांना उचलले. भाऊ कोठे लपला आहे, एवढेच त्यांच्याकडून हवे होते. जॉर्ज यांचे दुसरे बंधू मायकेल हे बेंगळूरुतील कामगार पुढारी; ते आधीच आत होते. लॉरेन्स यांना जी मारहाण झाली तिचे तपशील त्यांच्या आईने, अ‍ॅलिस फर्नांडिस यांनी, राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात दिले आणि ते पत्र चोरून छापले जाऊन हातोहात फिरले. येथे एकच तपशील पुन्हा सांगतो, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे. पोलिसांच्या कागदोपत्री लॉरेन्स यांच्या अटकेची तारीख १ मे नव्हती. ती काही दिवसांनंतरची होती. मधल्या दिवसांत लॉरेन्स फर्नांडिस सरकारच्या लेखी कोठेच नव्हते. त्या दिवसांनंतर ते आयुष्यभर धडपणे चालू शकले नाहीत.

जॉर्ज स्वतः १० जून १९७६ रोजी कलकत्त्यात सापडले. मुंबईच्या टॅक्सीचालकांचा आणि महापालिका कामगारांचा हा नेता १९७४ च्या रेल्वे संपाच्या वेळी ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचा अध्यक्ष होता. तो संप ८ मे ते २७ मे असा वीस दिवस चालला आणि निर्दयपणे मोडला गेला. फेडरेशन लंडनस्थित आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाशी संलग्न होते. समाजवादी पक्षाचे नाते युरोपातील समाजवादी पक्षांच्या ‘सोशालिस्ट इंटरनॅशनल’शी होते. अटकेची वार्ता बाहेर जाताच ‘अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल’च्या सदस्यांनी भारत सरकारला तारा केल्या: या कैद्याला वकील द्या, त्याच्या जिवाची हमी द्या. जर्मनीचे विली ब्रांट, स्वीडनचे ओलोफ पाल्मे, ऑस्ट्रियाचे ब्रुनो क्रायस्की यांनी इंदिरा गांधींना इशारा दिला, असे त्या काळावरच्या लेखनात वारंवार आढळते. जॉर्ज यांना बेड्या पडल्या, खटला भरला गेला. पण त्यांचे लॉरेन्स झाले नाहीत. मार्च १९७७ मध्ये ते तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले.

एकच घर, एकच गुन्हा, सहा आठवड्यांचे अंतर. एका भावाचा पाय गेला, दुसऱ्याला बोटही लागले नाही. परदेशातील माणसांनी आपल्या देशातील कामगार पुढाऱ्यांसाठी, कार्यकर्त्यांसाठी आवाज उठवावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी तत्त्वाचा म्हणून चर्चिला जातो. मला तो आधी तपशिलाचा प्रश्न वाटतो. असा आवाज नेमके काय करतो? कोठे पोहोचतो आणि कोठे पोहोचत नाही?

याबाबत इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा सचिवालयाने मला अधिक शिकवले. मी सेवेत आलो तो ऐंशीच्या दशकाचा मध्य. सुरुवातीच्या काळात काही महिने माझ्या टेबलावर येणाऱ्या टपालात परदेशी पाकिटे असत. एका तालुक्याच्या गावी मजुरांची संघटना बांधणारा कोणी तरुण कच्च्या कैदेत होता आणि त्याच्याबद्दल स्वीडन, हॉलंड, ऑस्ट्रिया येथील अनोळखी माणसे पत्रे लिहीत होती. कोणी शिक्षिका, कोणी टपाल कर्मचारी, कोणी निवृत्त परिचारिका. इंग्रजी मोडकेतोडके, कैद्याच्या नावाचे स्पेलिंग दर पत्रात निराळे. आमचे हेडक्लार्क ती पाकिटे वाफेवर धरून तिकिटे अलगद सोडवीत, मुलाच्या संग्रहासाठी. त्या पत्रांनी कोणाही मंत्र्याच्या काळजाला पाझर फुटल्याचे मी पाहिले नाही.

पण प्रत्येक पत्राची आवक नोंदवहीत नोंद होई आणि त्याला क्रमांक पडे. सरकारी कचेरीत क्रमांक पडलेला कागद ही जिवंत वस्तू असते. त्याला उत्तर तरी द्यावे लागते किंवा ‘उत्तराची आवश्यकता नाही’ असा शेरा लिहून कोणाला तरी खाली सही करावी लागते. आणि अशा प्रकरणात ती सही करायला कोणीच धजत नाही. मग सुरक्षित वाट उरते ती एकच: खालच्या कार्यालयाकडून वस्तुस्थितीचा अहवाल मागवणे. जिल्ह्याकडून तो तुरुंगाकडे जातो. तेथील अधीक्षक वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारतो. वैद्यकीय अधिकारी, कदाचित त्या वर्षात पहिल्यांदाच, कैद्याला समोर उभे करून त्याचे वजन, रक्तदाब, अंगावरच्या खुणा लिहून काढतो. ‘कैद्याची प्रकृती समाधानकारक आहे’ असे एकदा सहीनिशी लिहून दिले की ती समाधानकारक ठेवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. पुढच्या महिन्यात त्या कैद्याला काही झाले, तर तो कागद बाहेर निघणार हे त्याला पक्के ठाऊक असते.

परदेशातील सहानुभूतीची सगळी करामत एवढ्यात आहे, असे मी म्हणणार नाही. पण ती जेथे खरोखर चालते तेथे अशी चालते. सरकारला लाज वाटेल, हा भरवसा फसवा. सरकार ही लाजणारी वस्तू नव्हे. छळ बहुधा नोंद नसलेल्या दिवसांत होतो. लॉरेन्स यांचे सारे नुकसान अटक आणि अटकेची नोंद यांच्यामधल्या दिवसांत झाले. जॉर्ज पकडले गेले तेव्हा त्यांच्या बाबतीत असे दिवस उरलेच नव्हते, कारण त्यांची नोंद दिल्लीत होण्याआधी लंडन, स्टॉकहोम आणि व्हिएन्ना येथे झाली होती.

हे आजचे नाही. मराठी कामगार चळवळीच्या इतिहासात याचे सर्वांत मोठे उदाहरण मीरत खटल्याचे. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगारांचा संप कित्येक महिने चालला, त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभर एकाच दिवशी धाडी घालून कामगार पुढारी उचलले. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे, अधिकारी ही नावे सर्वांना ठाऊक असतात. युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते, हे सहसा कोणी सांगत नाही. मुंबई-कलकत्त्याची माणसे मीरतेस नेण्यामागे एक कारण असे की तेथे ज्यूरीपुढे खटला चालवावा लागत नव्हता. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. पुण्याचे वृद्ध कामगार नेते ठेंगडी तो चालू असतानाच वारले. जानेवारी १९३३ मध्ये काळ्या पाण्यापर्यंतच्या शिक्षा झाल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या इतक्या खाली आणल्या की बहुतेक जण लवकरच बाहेर आले.

मधल्या काळात काय झाले होते? रोमाँ रोलाँ, आइनस्टाइन, एच. जी. वेल्स, हॅरॉल्ड लास्की यांनी निषेध केला, हे पाठ्यपुस्तकांत असते. मला त्याहून मोलाची वाटते ती मँचेस्टरकडची एक हकिगत. तेथील कामगार रंगभूमीच्या बेकार तरुणांनी ‘मीरत’ नावाची छोटी नाटिका रस्त्यांत करून दाखवली. नेपथ्य काय, तर झाडूचे दांडे आडवेतिडवे धरून केलेले तुरुंगाचे गज. त्या गजांआडून ते बोलत. लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा धडाधड बंद पडत होत्या आणि त्याचा दोष मुंबईच्या गिरण्यांच्या माथी मारणारे तेथे पुष्कळ होते. ज्या मुंबईकर कामगाराने आपली भाकरी हिरावली असे त्या तरुणांना सांगितले जात होते, त्याच्या सुटकेसाठी ते पावसात उभे होते. ब्रिटनची अधिकृत ट्रेड युनियन काँग्रेस मात्र बराच काळ हात राखून राहिली. मजूर पक्षासह सुटकेची मागणी करणारी तिची पुस्तिका निघाली ती १९३३ मध्ये.

मीरतच्या आरोपींत तीन इंग्रज होते. त्यांतला फिलिप स्प्रॅट हा केंब्रिजचा पदवीधर पुढे आमच्या बेंगळूरुत स्थायिक झाला, येथल्या ‘मिसइंडिया’ साप्ताहिकात लिहू लागला, त्याचा संपादक झाला आणि पक्का साम्यवादविरोधक बनला. पुढे मद्रासला जाऊन त्याने राजाजींच्या वर्तुळातील ‘स्वराज्य’चे संपादन केले. ज्यांनी त्याच्यासाठी झाडूचे दांडे हातात धरले त्यांना हे रुचले नसते. पण तुरुंगातल्या माणसाच्या बाजूने उभे राहताना तो पुढे कोणत्या मताचा होईल, याची हमी कोणी मागत नसते.

निदान मागू नये. प्रत्यक्षात मागितली जाते आणि हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत दुखरा भाग आहे. ज्या डांगे यांच्यासाठी १९२९ ते ३३ या काळात अर्ध्या जगाने आवाज उठवला, ते १९७५ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष होते आणि त्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला. मॉस्कोच्या कलाने चालणाऱ्या जागतिक कामगार संघटनेकडून जॉर्ज यांना काहीच मिळणार नव्हते. जे मिळाले ते दुसऱ्या गटाकडून. ब्रिटिश मजूर पक्षातही फळी पडली. लंडनमध्ये सुरूर होडा यांच्यासारखे कामगार कार्यकर्ते आणि वृद्ध शांततावादी फिलिप नोएल-बेकर जयप्रकाशांच्या सुटकेची मोहीम चालवत होते, तर त्याच पक्षाचे मायकेल फूट इंदिरा गांधींची बाजू मांडत होते. जगातले कामगार एक असतील. त्यांच्या महासंघांचे मात्र शीतयुद्धात दोन तट पडले होते आणि कैदी कोणत्या तटाचा यावर त्याच्या वाट्याला येणाऱ्या तारांची संख्या ठरत होती.

अशा वेळी सत्ताधाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते: हा आमचा अंतर्गत मामला आहे. या उत्तराचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील अन्यायाची तक्रार भारताने नवजात संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेली. तेव्हा ‘अंतर्गत मामला’ म्हणत सनदेकडे बोट दाखवणारे होते फील्ड मार्शल स्मट्स, आणि ते उत्तर फेटाळून लावणाऱ्या होत्या आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने भारताच्या बाजूने ठराव केला. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार थांबवला. असे करणारा तो पहिला देश. दुसऱ्याच्या अंगणातल्या अन्यायावर बोलण्याचा हक्क आपण स्वातंत्र्याच्याही आधी बजावला, तो उसना मागून आणलेला नव्हता.

आज परकी हस्तक्षेपाबद्दल सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या पक्षाचे दोन ज्येष्ठ नेते बेंगळूरुच्या त्या तुरुंगात होते आणि त्यांचे समर्थक १९७६ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ इंडिया सोसायटी इंटरनॅशनल’च्या नावाने परदेशांत आणीबाणीविरुद्ध सभा घेत होते. त्यांनी ते केले ते योग्यच केले. काँग्रेसला तेव्हा त्यात ‘परकी हात’ दिसत होता. आता ती विरोधात आहे आणि परदेशी वृत्तपत्रांची कात्रणे संसदेत फडकावते. खुर्ची बदलली की ही समज बदलते, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिले आहे की त्यावर रागवायचेही आता जमत नाही.

पण ज्यांना अटक झाली नाही त्यांचे काय? अटक झालेल्या माणसाबद्दल लिहायला एक पत्ता असतो, उत्तर द्यायला बांधलेला एक अधिकारी असतो. गोळीला पत्ता नसतो. लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून ५ जून १९७० रोजी झाला. छत्तीसगडच्या खाण कामगारांचे शंकर गुहा नियोगी यांना २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत गोळी घातली गेली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली, ज्या उद्योगपतींनी ती झाडवली असा आरोप होता ते सुटले. दत्ता सामंत १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत मारले गेले. असंघटित कष्टकऱ्यांच्या संघटना बांधणारे गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कोल्हापुरात, फिरायला गेले असता गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. पुढे त्याच वर्षी धारवाडला कलबुर्गी, आणि ५ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी बेंगळूरुच्या राजराजेश्वरीनगरात स्वतःच्या घराच्या दारात गौरी लंकेश.

गौरी यांना त्या वर्षीचा अ‍ॅना पोलितकोव्स्काया पुरस्कार मरणोत्तर मिळाला. जगभर त्यांचे नाव गेले, ते त्या गेल्यानंतर. असा शोक खोटा नसतो, पण मारेकऱ्याच्या हिशेबात तो धरलेलाच असतो. गौरी यांच्या बाबतीत परदेशी निषेधापेक्षा उपयोगी पडले ते कर्नाटकाच्या विशेष तपास पथकाचे काम. त्या तपासातून निघालेले धागे सीमा ओलांडून महाराष्ट्रात गेले आणि वर्षानुवर्षे थंड पडलेल्या दाभोलकर प्रकरणाला २०१८ मध्ये गती आली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने त्या खुनासाठी दोघांना जन्मठेप ठोठावली, तिघांची मुक्तता केली. बेंगळूरु आणि पुणे यांच्यामधले अंतर आठशे-साडेआठशे किलोमीटरचे. या प्रकरणांत ते ओलांडायला जी वर्षे लागली, त्यांचा हिशेब जिनिव्हा किंवा लंडनकडे मागण्याआधी आपल्या दोन राज्यांच्या पोलीस मुख्यालयांकडे मागावा लागेल.

परदेशी दबाव लागू पडतो तो कोठे, याचे एक अलीकडचे उदाहरणही याच शहरातले आहे. २००६ मध्ये येथील जीन्स शिवणाऱ्या एका कंपनीतील कामाच्या परिस्थितीबद्दल स्थानिक कामगार संघटनांनी तक्रारी केल्या. कंपनीने आरोप नाकारले आणि न्यायालयातून मनाई हुकूम आणला: या संघटनांनी त्याविषयी बाहेर माहिती पसरवू नये. येथली तोंडे बंद झाल्यावर हॉलंडमधील ‘क्लीन क्लोद्ज कॅम्पेन’ आणि तिची सहकारी संस्था बोलत राहिल्या. तेव्हा त्यांच्यावरही बेंगळूरुच्याच न्यायालयात फौजदारी खटला गुदरण्यात आला आणि डच कार्यकर्त्यांच्या अटकेपर्यंत गोष्ट गेली. अखेर जानेवारी २००८ मध्ये हॉलंडचे माजी पंतप्रधान रूड लुबर्स यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली, खटले मागे घेतले गेले आणि पुढच्या तक्रारींसाठी एक त्रयस्थ निवाडाकार नेमण्याचे ठरले. हे कशामुळे घडले याबद्दल गैरसमज नको. मधल्या काळात एका मोठ्या डच खरेदीदाराने ऑर्डर थांबवण्याची घोषणा केली होती.

सरकारला अशी ऑर्डर कोण देतो? सत्तरच्या दशकात दिल्लीला युरोपातील समाजवादी सरकारांच्या मताची किंमत होती. मदत, कर्जे आणि नेहरूंच्या काळापासूनची प्रतिष्ठा तिला बांधलेली होती. आज भारत मोठी बाजारपेठ आहे आणि युरोपातील राजधान्या आपल्याशी बोलताना आवाज खाली ठेवतात. याचा अर्थ काय होतो, हे फादर स्टॅन स्वामी यांच्या बाबतीत दिसले. हे जेझुइट धर्मगुरू १९७५ ते १९८६ या काळात बेंगळूरुतील इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. स्नेहलता तुरुंगात खोकत होत्या तेव्हा ते याच शहरात तरुण कार्यकर्त्यांना शिकवत होते. पुढे झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीसाठी आणि कच्च्या कैद्यांसाठी त्यांनी काम केले. भीमा कोरेगाव प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते आणि कंपवाताने पेला धरू शकत नव्हते. स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. त्यावर म्हणणे मांडायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागितल्याचे वृत्त तेव्हा सर्वत्र आले होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मेरी लॉलर बोलल्या, युरोपीय संघाचे मानवी हक्क प्रतिनिधी बोलले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, मुंबईच्या रुग्णालयात कोठडीतील कैदी म्हणूनच ते गेले. परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले की सर्व काही कायद्यानुसार झाले.

त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हा न्यायालयाचा विषय आहे. पेला धरता न येणाऱ्या माणसाला पाणी कसे पाजावे, हा न्यायालयाचा विषय कधीच नव्हता. तो एका तुरुंग अधीक्षकाने पाच मिनिटांत सोडवायचा प्रश्न होता. निषेधाची निवेदने पुष्कळ निघाली. पण माझ्या ऐंशीच्या दशकातल्या टेबलावर येत तशी पत्रे, नेमक्या प्रश्नाची, नेमक्या अधिकाऱ्याच्या नावाची, किती गेली असतील याची मला शंका आहे. आता निषेध समाजमाध्यमांवर होतो. तेथे लाखो माणसे एका दिवसात जमतात, मात्र त्यांच्या म्हणण्याला आवक क्रमांक पडत नाही.

पत्रे लिहिणारी संस्थाही राहिली नाही. ‘अ‍ॅम्नेस्टी’च्या भारतीय शाखेचे मुख्य कार्यालय बेंगळूरुत, इंदिरानगरला होते. परदेशी निधीच्या नियमांचा भंग झाल्याचा सरकारचा आरोप होता; संस्थेने तो फेटाळला. २०१८ मध्ये छापे पडले, २०२० मध्ये बँकखाती गोठवली गेली आणि त्या सप्टेंबरात संस्थेने भारतातील काम थांबवले. निधीचे नियम मोडले असतील तर दंड व्हावा, याबद्दल माझ्यासारख्या जुन्या नोकरशहाचे दुमत नाही. पण कैद्यांचे दिवस मोजणारी यंत्रणा एका शहरातून उठून गेली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही, हेही त्याच ताळेबंदात लिहिले पाहिजे. तिच्यासाठी परदेशी पैसा लागतोच असे नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळूरु येथील कामगार संघटनांनी, वकील मंडळांनी, अगदी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघांनी ठरवले, तर एकमेकांच्या कैद्यांची नोंद ठेवणे टपालखर्चात होण्यासारखे आहे. बेळगावच्या सीमावादात आपण परस्परांना पाठवलेल्या निषेधपत्रांचा दशांश कागदही त्याला लागणार नाही.

ज्यांना असे पत्र लिहायचे असेल त्यांच्यासाठी, अशी पत्रे वाचलेल्या माणसाने दिलेल्या काही सूचना. लोकशाही, फॅसिझम, मानवता हे शब्द टाळावेत. ते वाचले की खालचा कारकून ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारायला मोकळा होतो. कैद्याचे पूर्ण नाव, अटकेची तारीख आणि वेळ, गुन्हा नोंद क्रमांक आणि तुरुंगाचे नाव पहिल्या ओळीत द्यावे. मग एकच गोष्ट विचारावी, जिचे उत्तर आकड्यात किंवा तारखेत द्यावे लागेल: अमुक औषध शेवटचे कधी दिले, वकिलाची भेट कोणत्या दिवशी झाली, वैद्यकीय तपासणीचा अहवाल कोणत्या क्रमांकाचा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत मागावी आणि एकतिसाव्या दिवशी मूळ पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र पाठवावे. पत्र पोच मिळेल अशा टपालाने जावे. एक प्रत जिल्हा न्यायाधीशांना आणि एक तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, पदनामाने नव्हे तर त्यांच्या नावाने पाठवावी.